संख्येचं चिन्ह एका ओळीत: उणे, शून्य की अधिक हे कोडमध्ये न चुकता कसं काढायचं

दूध डेअरीचं दहा दिवसांचं बिल असो, पतपेढीतली दिवसअखेरची बाकी असो की ऊस काट्यावरची पावती, प्रोग्रॅमला शेवटी एकच गोष्ट ठरवायची असते: आलेली रक्कम अधिक आहे, उणे आहे की शून्य? उत्तर तीनपैकी एक असतं, १, ० किंवा -१. काम एका ओळीचं आहे. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात डेअरी आणि पतपेढ्यांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहिणारे इथेच पुन्हा पुन्हा अडकतात. कारण ओळ बहुतेक वेळा बरोबर असते, पण चिन्ह तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेलं असतं. म्हणून या लेखात ती ओळ चौथ्या टप्प्यावर येते. आधीचे तीन टप्पे गाळू नका.

एक सूचना. इथल्या कोडच्या ओळी देवनागरीत दिल्या आहेत. तुम्ही टाइप करताना की-वर्ड, फंक्शनची नावं आणि आकडे रोमन ठेवा. पायथॉन ३, जावा, जावास्क्रिप्टमध्ये चलाचं नाव देवनागरीत चालतं. पण कोडमध्ये आकडा म्हणून देवनागरी शून्य लिहिलंत, तर पायथॉन लगेच सिंटॅक्स एरर देईल.

## टप्पा १: अधिक म्हणजे कुणाचं अधिक, हे कागदावर लिहा

एक हिशोब घ्या. उत्पादकाचं दहा दिवसांचं दूध ४,२३५ रुपये ५० पैशांचं झालं. पशुखाद्याची कपात २,८०० रुपये, उचल १,५०० रुपये. दुधातून दोन्ही वजा केले की -६४.५० येतात. म्हणजे या खेपेला उत्पादकाच्या हातात काही पडणार नाही, उलट त्याच्याकडून ६४ रुपये ५० पैसे येणे आहेत आणि ते पुढच्या बिलात ओढायचे आहेत.

आता दुसऱ्या कुणी तोच प्रोग्रॅम डेअरीच्या बाजूने लिहिला आणि कपातीतून दूध वजा केलं, तर उत्तर +६४.५० येतं. गणित दोघांचंही बरोबर. पावती छापणारं फंक्शन मात्र एकच असेल, तर दोघांपैकी एकाच्या गावात ज्याच्याकडून पैसे येणे आहेत त्यालाच पैसे दिले जातील.

कोड लिहायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा:

१. कुणाच्या बाजूने मोजतोय? उत्पादकाच्या की डेअरीच्या, सभासदाच्या की संस्थेच्या? ठेवीदाराला जी रक्कम जमा दिसते, ती संस्थेच्या ताळेबंदात देणं असते.

२. शून्याचा अर्थ काय? ‘हिशोब पूर्ण’ की ‘व्यवहारच झाला नाही’? दोन्ही एकाच शून्यात कोंबू नका.

३. आकडाच आला नाही तर काय करायचं? शून्य धरायचं, थांबायचं की नोंद बाजूला काढायची?

४. खरंच तीन उत्तरं हवीत का? फक्त ‘उणे आहे का’ एवढंच विचारायचं असेल, तर `बाकी < ०` पुरे. पुष्कळ ठिकाणी चिन्हाचं फंक्शन लागतच नाही, उगाच घातलेलं असतं.

तपासा: वहीतली जुनी तीन बिलं निवडा, एक येणे, एक देणे, एक पूर्ण फिटलेलं. प्रत्येकाचं अपेक्षित चिन्ह पेन्सिलने लिहून ठेवा. शेवटच्या टप्प्यात लागतील.

## टप्पा २: मजकुराची संख्या करताना उणेचं चिन्ह सांभाळा

संख्या डेटाबेसमधून थेट संख्या म्हणूनच येत असेल, तर हा टप्पा तुमच्यासाठी नाही. पण आकडे फॉर्ममधून, एक्सेल शीटमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधून येत असतील, तर सर्वात जास्त चिन्हं इथेच हरवतात.

उणेचं चिन्ह दिसायला उणे, पण आतून वेगळं. कीबोर्डवरची आडवी रेघ वेगळी, गणिताच्या छपाईतलं उणे वेगळं आणि लिहिण्याच्या सॉफ्टवेअरने आपोआप लांब केलेली रेघ वेगळी. डोळ्याला तिन्ही सारख्याच. पायथॉन पहिली तेवढी मान्य करतो, बाकी दोन्हींवर व्हॅल्यू एरर फेकतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘नॅन’ येतो, म्हणजे ‘संख्या नाही’ अशी खूण असलेलं मूल्य. रूपांतराआधी या सगळ्या रेघा कीबोर्डवरच्या साध्या रेघेने बदलून घ्या.

हिशोबी पद्धतीचं उणे. काही अहवालांत उणे रक्कम कंसात असते, काहींत रेघ आकड्याच्या मागे असते, तर काहींत आकडा नेहमी अधिकच असतो आणि शेजारच्या रकान्यात ‘जमा’ किंवा ‘नावे’ लिहिलेलं असतं. तिसऱ्या प्रकारात नुसता आकडा वाचलात तर सगळीच खाती अधिक दिसतील. शेजारचा शब्द वाचून आकड्याला उणे १ ने गुणणं हे याच टप्प्याचं काम आहे, पुढे ढकलू नका.

स्वल्पविराम. आपल्याकडे सव्वा लाख १,२५,००० असा लिहितात. पायथॉनचं फ्लोट, म्हणजे मजकुराची दशांश संख्या करणारं फंक्शन, यावर चूक दाखवून थांबतं, ते बरंच आहे. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट थांबत नाही. पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचतं आणि १ देतं. -१,२५,००० चे होतात -१. चिन्ह बरोबर, रक्कम गेली. चाचणीत फक्त चिन्ह बघणाऱ्याला हे कळणारच नाही.

देवनागरी आणि कन्नड आकडे. सीमाभागात हा प्रश्न खरोखर येतो, कारण एकाच संस्थेच्या नोंदी मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजी आकड्यांतही असतात. पायथॉनचं इंट देवनागरी आणि कन्नड दोन्ही आकडे व्यवस्थित वाचतं, फक्त उणेची रेघ साधी हवी. जावाचं पार्सइंटही वाचतं. जावास्क्रिप्टमध्ये नॅन मिळतो. पीएचपीमध्ये देवनागरी ‘१२’ ला कास्ट करून पूर्णांक केलं की ० मिळतं, कसलीही कुरकुर न करता. त्या खात्याचं चिन्ह मग शून्य, आणि पावतीवर ‘हिशोब पूर्ण’.

रिकामी चौकट. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन रिकाम्या मजकुराला ० समजतं. नुसत्या स्पेसलाही ० च. आकडा भरायचा राहिलेला फॉर्म आणि खरोखर शून्य बाकी असलेलं खातं यांत मग काहीच फरक उरत नाही.

सावधान: रूपांतर फसल्यावर ‘चूक टाळण्यासाठी’ शून्य परत देणारा कोड लिहू नका. शून्य हे तुमच्या तीन वैध उत्तरांपैकी एक आहे, त्यामुळे ती चूक कायमची लपते.

## टप्पा ३: रुपयांचे पैसे करा, आणि तेही नीट

दशांशातल्या रकमेवर चिन्ह काढू नका. रक्कम पैशांत, पूर्णांकात आणा. ४,२३५.५० रुपयांचे ४२३५५० पैसे. वजाबाकी, बेरीज, चिन्ह सगळं यावर.

रूपांतर करताना मात्र साधा सापळा आहे. कॉम्प्युटर दशांश संख्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि तिथे ४.३५ नेमकी बसत नाही. ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. त्याचा सरळ पूर्णांक केलात तर ४३४. फॅट ४.३५ लागली आणि दर ४.३४ चा लावला, अशी तक्रार संकलन केंद्रावर आली तर मशीनला दोष देण्याआधी ही ओळ बघा.

यावर बरेच जण ‘०.५ मिळवून पूर्णांक करायचा’ हा जुना उपाय लावतात. अधिक संख्यांना तो चालतो, उणेला नाही. -६४.५० चे पैसे -६४५०. त्यात ०.५ मिळवले की -६४४९.५, आणि पूर्णांक करताना अपूर्णांक शून्याच्या दिशेने तुटतो म्हणून -६४४९. एक पैसा गेला. आता एकच पैसा उणे असलेली बाकी घ्या: -१ मध्ये ०.५ मिळवले, -०.५, पूर्णांक ०. इथे पैशाबरोबर चिन्हही गेलं.

योग्य मार्ग दोन. भाषेचं गोलाकार फंक्शन, म्हणजे राउंड, वापरून मग पूर्णांक करा. किंवा मजकुरातूनच थेट दशमान प्रकारात वाचा: पायथॉनमध्ये डेसिमल, जावात बिगडेसिमल. डेसिमलमध्ये ४.३५ गुणिले १०० बरोबर ४३५ च येतात, अट एवढीच की त्याला ४.३५ मजकूर म्हणून द्या. आधी फ्लोट करून दिलंत तर बिघाड सोबत घेऊनच तो आत जाईल.

पूर्णांकाची रुंदीही बघा. ३२ बिटच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. पैशांत धरले तर ते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. एका उत्पादकाच्या बिलाला पुष्कळ, पण गावच्या पतपेढीची एकूण ठेव याच्या पलीकडे सहज जाते. मर्यादा ओलांडली की जावात संख्या फिरून उणे होते. सीमध्ये काय होईल याची भाषाच हमी देत नाही. एकूण रकमांसाठी ६४ बिटचा प्रकार घ्या.

तपासा: -०.०१ रुपया आत टाका. बाहेर -१ पैसा आला पाहिजे. ० आला तर टप्पा ३ पुन्हा करा, पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: ती ओळ

`(बाकी > ०) - (बाकी < ०)`

बाकी अधिक असेल तर पहिला कंस खरा, म्हणजे १, आणि दुसरा खोटा, म्हणजे ०. वजाबाकी १. उणे असेल तर ० वजा १, म्हणजे -१. शून्य असेल तर दोन्ही खोटे, ०. ना भागाकार, ना केवल मूल्य, ना बिटांची सरकासरकी. सी, सी प्लस प्लस, पायथॉन आणि जावास्क्रिप्ट या चारही भाषांत ही ओळ जशीच्या तशी चालते.

कंस काढू नका. कंसाशिवाय ओळ अशी दिसते:

`बाकी > ० - बाकी < ०`

वजाबाकीचा मान तुलनेपेक्षा वरचा. त्यामुळे आधी ‘० - बाकी’ होतं. सी आणि जावास्क्रिप्टमध्ये मग पहिल्या तुलनेचं ० किंवा १ हे उत्तर शून्याहून लहान आहे का असं विचारलं जातं, आणि ते कधीच नसतं. सगळ्या संख्यांचं उत्तर ‘खोटं’. पायथॉन दोन तुलना साखळीसारख्या जोडतो, म्हणून तिथे अधिक संख्येला ‘खरं’ आणि उणे व शून्याला ‘खोटं’ येतं. पायथॉनमध्ये ही चूक जास्त धोक्याची, कारण अधिक संख्यांवरची चाचणी पास होते.

आता एकेक भाषा. सगळ्या वाचायची गरज नाही, आपली तेवढी बघा.

पायथॉन. मानक मॅथ मॉड्यूलमध्ये कॉपीसाइन आहे. मॅथ.कॉपीसाइन(१, बाकी) हे चिन्हाचं फंक्शन समजून वापरणारे बरेच भेटतात. ते ० कधीच देत नाही. शून्याला १.० आणि उणे शून्याला -१.० देतं. वरची ओळच घ्या. नमपाय या आकडेमोडीच्या पायथॉन लायब्ररीतल्या पूर्ण रकान्यावर मात्र ती चालत नाही, कारण नमपाय खरं-खोटं यांची वजाबाकी नाकारतो. तिथे त्याचं स्वतःचं साइन फंक्शन घ्या (स्पेलिंग एस-आय-जी-एन; इथे आणि पुढे सगळीकडे हेच, त्रिकोणमितीतलं साइन नव्हे).

जावास्क्रिप्ट. २०१५ च्या आवृत्तीपासून मॅथ.साइन आहे, तेच घ्या. नॅन आला तर नॅनच परत देतं, म्हणून बिघाड दिसतो. वरच्या ओळीत नॅनच्या दोन्ही तुलना खोट्या ठरतात आणि ० मिळतं, बिघाड लपतो. बिगइंटला, म्हणजे फार मोठ्या पूर्णांकांच्या प्रकाराला, मात्र मॅथ.साइन टाइप एरर देतं. तिथे वरची ओळ कामाची.

जावा. खरं-खोटं यांची वजाबाकी कंपायलर होऊ देत नाही. इंटीजर.सिग्नम, लाँग.सिग्नम, आणि पैशांसाठी बिगडेसिमलचं सिग्नम. तिन्ही पूर्णांक देतात. मॅथ.सिग्नम दशांश देतं, म्हणजे १.०. ते यादीचा क्रमांक म्हणून थेट वापरता येत नाही. इंटीजर.कंपेअर(बाकी, ०) वापरू शकता, पण त्याच्या करारात ‘शून्याहून लहान, शून्य किंवा मोठं’ एवढंच लिहिलंय, नेमकं -१ आणि १ असं नाही.

सी. प्रश्न फंक्शनच्या खिडकीत असतो. फंक्शन पूर्णांक घेणारं आणि तुम्ही -०.४ दिले, तर आत शिरतानाच त्याचे ० होतात आणि कंपायलर बहुधा बोलतही नाही. प्रकार अनसाइन्ड, म्हणजे उणे संख्या न ठेवणारा, असेल तर ‘शून्याहून लहान’ हे कधीच खरं नसतं. साइन्ड -१ आणि अनसाइन्ड १ यांची तुलना केली तर -१ मोठा ठरतो. कंपायलरच्या सगळ्या सूचना चालू ठेवा.

सी शार्प. मॅथ.साइन पूर्णांक देतं आणि नॅनवर सरळ अपवाद फेकतं. या लेखातलं सर्वात प्रामाणिक वागणं हेच.

पीएचपी. पीएचपी ७ पासून तीन अक्षरी तुलना-चिन्ह आहे: `बाकी <=> ०`. यापेक्षा आखूड लिहिता येत नाही. प्रश्नचिन्ह-अपूर्णविराम पद्धतीने दोन अटी एकात एक घालणार असाल तर आतल्या अटीला कंस द्या. पीएचपी ८ मध्ये कंसाशिवायची ओळ चालतच नाही.

रस्ट. पूर्णांकांचं सिग्नम तीन उत्तरं देतं. दशांशांचं सिग्नम शून्याला १.० देतं. एकाच नावाची दोन फंक्शनं, वागणं वेगळं. इथे फसणारे हुशार लोकच असतात.

एसक्यूएल. साइन फंक्शन मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर सगळीकडे आहे, एसक्यूलाइटमध्ये २०२१ पासून. नोंदच नसेल, म्हणजे नल, तर उत्तर नल. कंसांची ओळ मायएसक्यूएलमध्ये चालते, पोस्टग्रेसमध्ये नाही. या फंक्शनचा एक छान उपयोग: खात्यांचा गट साइन(बाकी) वर पाडा आणि मोजा. येणे किती, देणे किती, शून्य किती हे तीन ओळींत मिळतं. चौथी ओळ आली तर ती नलची, म्हणजे टप्पा १ मधला तिसरा प्रश्न अनुत्तरित राहिलाय.

एक्सेल. साइन फंक्शन घ्या, कंसांची ओळ नको. एक्सेल कुठलाही मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा मानतो. सेलमधले -५०० मजकूर म्हणून साठवलेले असतील, तर कंसांची ओळ त्याला +१ देते. साइन त्याच सेलला -१ देतं. आणि मॅक्रो लिहिताना तर आणखी जपा: व्हीबीएमध्ये ‘खरं’ची किंमत -१ असते, १ नाही. तीच ओळ तिथे सगळी चिन्हं उलटी करते. येणेचं देणे, देणेचं येणे. व्हीबीएचं फंक्शन एसजीएन.

### न वापरायच्या ओळी

`बाकी / केवल(बाकी)`: शून्यावर भागाकार. शून्य आधी वेगळं काढलं तरी ३२ बिटमध्ये -२१४७४८३६४८ चं केवल मूल्य मावत नाही.

`बाकी >> ३१`: उणेला -१, बाकी सगळ्यांना ०. अधिक आणि शून्य यांत भेदच नाही, शिवाय ३१ हा आकडा ३२ बिटलाच लागू. सीमध्ये उणे संख्या उजवीकडे सरकवल्यावर काय मिळेल हे कंपायलरवर सोडलेलं आहे. जावाचं सिग्नम आतून सरकवण्यावरच चालतं हे खरं, पण ते दोन तुकडे जोडून. तुम्ही ते पुन्हा लिहायचं कारण नाही. वेग वाढतो म्हणून असलं काही लिहिणाऱ्यांनी आधी वेग मोजावा. डेअरीच्या बिलात वेळ खातो तो प्रिंटर.

## टप्पा ५: दोन रकमांतलं लहान-मोठं काढायचं असेल तर वजा करू नका

‘अ’ मोठी की ‘ब’? सहज सुचतं ते चिन्ह(अ - ब). ३२ बिटमध्ये अ म्हणजे दीड कोटी रुपये, १५० कोटी पैसे, आणि ब म्हणजे उणे एक कोटी, -१०० कोटी पैसे. फरक २५० कोटी. मावत नाही. जावात तो फिरून -१७९४९६७२९६ होतो आणि दीड कोटी उणे एक कोटीपेक्षा लहान ठरतात. यादी क्रमाने लावताना हीच ओळ वापरली असेल, तर क्रम मध्येच कुठेतरी विस्कटतो आणि का ते सापडत नाही.

`(अ > ब) - (अ < ब)`

दोन संख्या विरुद्ध चिन्हांच्या आहेत का हे बघायला गुणाकारही करू नका. मोठ्या पूर्णांकांचा गुणाकार मर्यादा ओलांडतो, अतिलहान दशांशांचा शून्यात विरतो. दोघांची चिन्हं वेगवेगळी काढा आणि ताडून बघा.

## टप्पा ६: मोजमापाच्या संख्यांना सहनमर्यादा द्या

पैसे पूर्णांकात आणता येतात, मोजमापं नेहमी येत नाहीत. पावसाळ्यात चिकोडी-निपाणी भागातले सखल पूल पाण्याखाली जातात तेव्हा दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेची पातळी चढते की उतरते हेच सगळे विचारत असतात. समजा प्रोग्रॅमला पातळीतले बदल मिळाले: सकाळी ०.१ मीटर चढ, दुपारी ०.२ चढ, संध्याकाळी ०.३ उतार. पाणी जिथल्या तिथे आलं. पण कॉम्प्युटरमध्ये ०.१ + ०.२ - ०.३ हे शून्य होत नाही. दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ५५ असा काहीतरी अधिक शेष उरतो. चौथ्या टप्प्यातली ओळ इमानेइतबारे १ देते आणि फलकावर ‘पाणी चढतंय’ येतं.

इथे ओळ थोडी रुंद करा:

`(फरक > मर्यादा) - (फरक < -मर्यादा)`

मर्यादा किती? अंदाजाने लिहू नका. मोजपट्टीवरचं सर्वात लहान माप घ्या आणि त्याचं अर्ध करा. पट्टी सेंटिमीटरची असेल तर ०.०१ मीटरचं अर्ध, ०.००५. याहून लहान फरक पट्टीलाच कळत नाही, मग प्रोग्रॅमने तो सांगणं खोटं. मर्यादा फार मोठी घेतलीत, समजा ०.०५, तर तासाला चार सेंटिमीटर चढणारं पाणी दिवसभर ‘स्थिर’ दिसेल. ती चूक पहिलीपेक्षा वाईट.

सावधान: पैशांना ही मर्यादा लावू नका. एक पैसा हा शेष नाही, पैसाच आहे.

ऊस काट्यावर उलटं. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकामीचं. उत्तर उणे किंवा शून्य आलं तर दोन वजनं अदलाबदल झालीत किंवा एकच वजन दोनदा पडलंय. इथे चिन्ह ही माहिती नाही, पहारेकरी आहे. १ सोडून काहीही आलं की पावती छापायचीच नाही. केवल मूल्य घेऊन ‘दुरुस्त’ करणारे प्रोग्रॅम आहेत. ते करू नका, कारण मग अदलाबदल कधीच उघडी पडत नाही.

## टप्पा ७: चिन्हाचा शब्द करा

-१, ०, १ लोकांना दाखवायचे नसतात. तीन शब्दांची यादी करा आणि क्रमांक म्हणून चिन्हात १ मिळवा:

`शब्द = [“येणे”, “पूर्ण”, “देणे”]`
`शब्द[चिन्ह + १]`

पावती कन्नड आणि मराठी दोन्हींत छापायची असेल, तर याद्या दोन करा, चिन्ह एकदाच काढा. दोन भाषांसाठी दोनदा अटी लिहिल्या की कधीतरी एक दुरुस्त होते आणि दुसरी राहते.

पायथॉनमध्ये यादीचा क्रम पूर्ण, देणे, येणे असा ठेवला तर मिळवायचं १ सुद्धा लागत नाही, कारण -१ म्हणजे शेवटचा घटक. आखूड दिसतं. आम्ही ते टाळायला सांगू: तीच यादी उद्या जावात गेली की प्रोग्रॅम कोसळतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये कोसळतही नाही, पावतीवर नुसतं ‘अनडिफाइन्ड’ छापतो.

शब्दासोबत रक्कम छापताना केवल मूल्य छापा. ‘येणे -६४.५०’ वाचून उत्पादकाने काय समजायचं?

## टप्पा ८: हे आकडे घालून बघा

क्रमाने घाला, आणि उत्तर बघण्याआधी अपेक्षित चिन्ह लिहा:

१. ५, ०, -५. ५ किंवा -५ ला ० किंवा ‘खोटं’ आलं तर कंस बघा. ५ आणि -५ उलटे आले तर व्हीबीए किंवा टप्पा १.

२. ०.४ आणि -०.४. उत्तर ० आलं तर वाटेत कुठेतरी पूर्णांक झालाय.

३. प्रकाराची दोन्ही टोकं. ३२ बिट असेल तर २१४७४८३६४७ आणि -२१४७४८३६४८.

४. रिकामा मजकूर, नुसती स्पेस, नॅन, नल. यांपैकी एकालाही ० हे उत्तर यायला नको, टप्पा १ मध्ये तुम्ही तसं ठरवलं नसेल तर.

५. -१,२५,००० स्वल्पविरामांसह, लांब रेघेचं -५, देवनागरी -१२. चिन्हासोबत रक्कमही ताडा.

६. ०.१ + ०.२ - ०.३, मर्यादेसह आणि मर्यादेशिवाय.

७. -०.००१, आणि यावेळी चिन्ह न बघता छापील पावती बघा. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही याला दोन दशांशांत ‘-०.००’ असं छापतात. शब्दाच्या जागी ‘येणे’ आणि रकमेच्या जागी शून्य अशी पावती निघाली, तर चिन्ह गोलाकार करण्याआधी काढलं गेलंय. पावतीवर जितके दशांश छापता तितक्यांत आधी गोलाकार करा, मग चिन्ह काढा.

हे सगळं जुळलं की टप्पा १ मध्ये पेन्सिलने लिहून ठेवलेली तीन बिलं काढा. ६४ रुपये ५० पैशांच्या बिलासारखं एखादं त्यात असेल तर ते आधी घाला. पावतीवर ‘येणे ६४.५०’ आलं पाहिजे, आणि पुढच्या बिलात ते कपातीत दिसलं पाहिजे.